नाव काढलं!

रतन पगाऱ्यांनी सगळं आयुष्य लोकांना एकच गोष्ट पटवण्यात घालवलं होतं, की चांगलं स्टील गंजत नाही. आणि मंगळवारी सकाळी त्यांच्या बायकोच्या नावालाच गंज लागला.

बातमी फोनवरून आली. फोन सुबोधचा, म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावर जे बुद्धविहार आहे त्याच्या कार्यवाहाचा. सुबोध एरवी पाण्याची टाकी धुणार आहेत एवढं सांगायलाही भाषण करतो, पण त्या दिवशी त्याची जीभ अडखळत होती.

"काका, जय भीम. एक सांगायचं होतं. म्हणजे, टेन्शन घेऊ नका. ते... ताईंच्या नावाला गंज लागलाय."

"काय लागलाय?"

"गंज. ताटांवर. म्हणजे ताटं एकदम झकास आहेत हां, नुसतं नाव तेवढं गंजलंय."

"स्टील गंजत नाही," रतनराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. मरोळच्या एमआयडीसीत दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ते फोरमन होते, आणि स्टील या विषयावर त्यांच्याशी वाद घालायची हिंमत मॅनेजरलाही नव्हती. नवीन पोरगं कामाला लागलं की ते त्याला टाकीपाशी उभं करायचे आणि विचारायचे, "हे का गंजत नाही, सांग." पोरगं म्हणायचं, "स्टील आहे म्हणून." मग रतनराव खूश व्हायचे, कारण आता सांगायला मिळणार. "अरे, हे पण लोखंडच! पण यात क्रोमियम घातलेलं असतं. हवा लागली की दुधावर साय धरते ना, तशी याच्या अंगावर साय धरते. इतकी पातळ की डोळ्यांना दिसत नाही. तीच याला वाचवते. ओरखडा काढ, खरवड, काहीही कर, हवा लागली की परत साय धरतंय पठ्ठं. साध्या लोखंडाला ही अक्कल नाही. ते आपलं गंजत बसतं." सोनं म्हणे गंजत नाही, त्याचं त्यांना कौतुक नव्हतं. सोन्याला कशाचं काही वाटतच नाही, असं ते म्हणायचे. स्टीलला सगळं लागतं, आणि तरी ते टिकतं.

येत्या रविवारी वनमाला जाऊन वर्ष होणार होतं. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली, ती परत आलीच नाही. रतनराव निवृत्त होऊन घरी बसले होते, आता दोघांनी जरा कुठे हिंडावं फिरावं असं ठरत होतं, आणि हे असं झालं. घरात राहिले ते आणि त्यांची मुलगी संघमित्रा, घरातली मितू. ती बँकेत नोकरीला, संध्याकाळी उशिरा यायची. तोवर घरात बोलायला फक्त भिंती, आणि त्याही नकोशा वाटायच्या.

म्हणून त्यांनी ताटं घेतली. वर्षाच्या कार्यक्रमाला विहाराला दान द्यायची, वनमालाच्या नावाने, चांगली जाड, पहिल्या प्रतीच्या स्टीलची. दुकानदार केतनशेठ मशीनवर फुकट नाव घालून देतो म्हणाला, तर रतनरावांनी त्याला उडवून लावलं. "मशीनने घातलेलं नाव डास चावल्यासारखं दिसतं. मी हाताने घालतो." आणि खरंच, रोज संध्याकाळी एक ताट मांडीवर घेऊन ते बसायचे, टोकदार पंच आणि छोटी हातोडी घेऊन, आणि टिंबाला टिंब लावत काठावर नाव उमटवायचे. व, न, मा, ला. नावाआधी 'कालकथित', म्हणजे दिवंगत, लिहायला पाहिजे असं सुबोध म्हणाला होता, पण त्यांचा हात त्या शब्दाला धजेना. नुसतं 'वनमाला'. एका ताटाला एक संध्याकाळ, असं ते वर्ष त्यांनी काढलं. खालच्या मजल्यावरच्या बाईची टकटकीची तक्रार आली, ती दोनदा आली, पण कारण कळल्यावर ती बाई रडून गेली आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर खीर आणून ठेवून गेली. कागदात कोरडी गुंडाळून ठेवलेली सगळी ताटं गेल्याच आठवड्यात धुऊन विहारात पोचती केली होती. आणि आता हा फोन!

रतनराव खाली गेले, एक ताट उचललं आणि पाहिलं. आरशासारखं स्वच्छ ताट, आणि काठावर चार अक्षरं विटकरी रंगाची. अक्षरं त्यांच्याच हातची. पण माणूस स्वतःवर कशाला संशय घेईल? ताट काखेत मारून ते तडक केतनशेठच्या दुकानात गेले.

"हे काय दिलंस मला? स्टील म्हणून पत्रा विकतोस?"

केतनशेठने शांतपणे लोहचुंबक आणला, ताटावर ठेवला, चुंबक घसरून गल्ल्यावर पडला. "माल एक नंबर आहे काका. बघा ना, बाकी ताट कसं चमकतंय. ताट नाही गंजत. नाव गंजतंय." मग त्याने चष्मा कपाळावर चढवला. "नाव घातलं कुणी?"

रतनराव ताट उचलून घरी आले. टेबलाचा खण उघडला आणि पंच हातात घेतला. कारखान्यातून आणलेला जुना पंच, साधा लोखंडी. टोकाजवळ बोट फिरवलं तर बोटाला तपकिरी भुकटी लागली.

अरे देवा, असं म्हणायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती, नाहीतर तेच म्हटलं असतं! स्टीलला लोखंड लावायचं नाही, हा कारखान्यातला पहिला नियम, आणि तो भिंतीवर रंगवून घेतला होता तो याच माणसाने. लोखंडी हत्याराचे कण स्टीलमध्ये रुततात, तिथे साय धरत नाही, आणि ते कण गंजतात. एका पोराने टाकीला लोखंडी ब्रश लावला म्हणून त्याला त्यांनी आठवडाभर गेटबाहेर ठेवला होता. आता कुणाला ठेवणार गेटबाहेर? वर्षभर रोज संध्याकाळी तोच पंच हातात धरला आणि एकदाही ध्यानात आलं नाही. पण त्या वर्षात त्यांना हातात काय आहे हे दिसत तरी कुठे होतं? जेवताना मीठ कमी आहे का जास्त हेही कळत नव्हतं.

तरी अजून वाट लागलेली नव्हती. गंज फक्त अक्षरांत होता. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व टाकायचं, ताटं भिजवायची, धुऊन कोरडी करायची आणि हवेवर ठेवायची. लोखंडाचे कण सुटून जातात, साय परत धरते, नाव जसंच्या तसं राहतं. वाण्याकडून लिंबूसत्त्वाची पाकिटं घेऊन रतनराव दुपारी विहारात पोचले, तर दारातच सुबोध उभा. चेहऱ्यावर असं हसू, की याने काहीतरी करून ठेवलं असणार हे न सांगता कळावं.

"काका, तुम्ही काही करायचं नाही. आम्ही केलं!"

"काय केलंत?"

आत बायका फतकल मारून बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात तारेची घासणी आणि मध्ये संडास साफ करायच्या ॲसिडची बाटली. सगळ्यात पुढे सगुणामावशी, वस्तीतल्या सगळ्यात वयस्कर, कानाने जवळजवळ ठार. त्यांच्या हातांना तर झपाटल्यासारखा जोर आला होता.

"मावशी, थांबा!" रतनराव ओरडले.

"आं?"

"थांबा म्हणतो! लोखंडाची घासणी आहे ती! आणि ॲसिड साय खातं!"

"साय कुठं आहे? ताटं रिकामीच आहेत," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा घासू लागल्या. मग क्षणभर थांबून त्यांनी आपले तळवे दाखवले, सोलून लाल झालेले. "पण नाही म्हणायचं नाही बाबा मला. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी महिनाभर डोळ्यांत थेंब कुणी घातले? वनीनेच ना? मग तिची ताटं मी नाही घासायची तर कुणी घासायची?"

आता यावर बोला! रतनरावांनी पाकिटं खिशात घातली आणि हात जोडले.

व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटांवर नावापुरता गंज उरलाच नव्हता. तो सगळ्या ताटभर पसरला होता, घासणी जशी गोल गोल फिरली होती तसा गोल गोल. मधूनमधून ॲसिडचे काळे डाग. सुबोध म्हणाला, "काका, प्लास्टिकच्या प्लेटा मागवू का?" रतनरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो प्लास्टिक हा शब्दच विसरला.

आता लिंबूसत्त्वाचं काम राहिलं नव्हतं. एकच उपाय होता, बफिंग, म्हणजे मशीनवर घासून पॉलिश करणं. साकीनाक्याच्या गल्लीत प्रितमचा गाळा होता. आत चार मशीनं फिरत असतात, हवेत काळी धूळ, आणि आवाज असा की शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. रतनरावांनी गोण्यांमधून ताटं आणून समोर ठेवली.

"गंज निघाला पाहिजे," ते ओरडले.

"निघेल ना काका!"

"आणि नाव!"

"नावाचं काय?"

"नाव एकदम स्वच्छ निघालं पाहिजे बघ! अर्धंमुर्धं दिसायला नको!"

प्रितमने ताट उजेडात धरलं, अक्षरांवरून नख फिरवलं. "खोल आहे हो. मेहनत लागेल."

"मेहनत तर लागणारच! मी वर्षभर केली!"

"वर्षभर?" प्रितमने त्यांच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. "ठीक आहे काका, तुम्ही निवांत राहा. असं काढतो, की कुणी शोधत बसला पाहिजे."

'शोधत बसला पाहिजे' हे रतनरावांना मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही. त्यांना फक्त प्रितमचा हसरा चेहरा दिसला. बऱ्याच दिवसांनी त्यांनी त्या दिवशी घरी येताना वडापाव खाल्ला आणि संघमित्रासाठीही एक बांधून घेतला.

शनिवारी ते ताटं आणायला गेले. प्रितमने वर्तमानपत्राचं वेष्टण उलगडलं आणि पहिलं ताट त्यांच्या हातात दिलं. काय चमकत होतं! कारखान्यात असं पॉलिश निघालं असतं तर रतनरावांनी पोराच्या पाठीवर थाप मारली असती. त्यांना त्यात आपला चेहरा दिसला, पांढरी दाढी दिसली, डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. नाव दिसलं नाही. त्यांनी ताट फिरवलं. परत फिरवलं. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं.

"नाव कुठंय?"

"निघालं की!" प्रितम अभिमानाने म्हणाला. "सांगा बरं कुठे होतं? नाही सांगता येणार. पोरं रडकुंडीला आली, एवढं खोल होतं. मी म्हटलं, काकांचा कुणावर तरी जाम राग दिसतोय. कोण होत्या वनमाला?"

"माझी मिसेस."

"मग? भांडण झालं? सोडून गेल्या?"

"गेली," रतनराव म्हणाले. "वर्ष झालं. वारली."

प्रितमने हात वर करून पोरांना मशीनं बंद करायला लावली. सगळा गाळा एकदम गप्प झाला. "पण काका," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना, नाव स्वच्छ निघालं पाहिजे."

"हो. मीच म्हणालो."

"मी मशीनने परत घालून देऊ? आत्ता बसवतो पोरांना. पैसे नको."

रतनरावांनी मान हलवली. भांडता आलं असतं तर बरं झालं असतं, पण कुणाशी भांडणार? पोराने सांगितलेलं काम चोख केलं होतं. आणि नाव काय, ते पुन्हा घालता आलं असतं. पण त्या संध्याकाळी कुठून आणायच्या? ताट मांडीवर असलं की त्यांना वाटायचं, ती आत स्वयंपाकघरात आहे आणि आपण इथे काहीतरी ठोकत बसलोय, आता ती ओरडेल, किती आवाज करता म्हणून. तेवढ्यासाठीच तर ते सगळं होतं. ते साकीनाक्याच्या गल्लीत रिक्षात बसले, शेजारी गोण्या ठेवल्या, आणि मरोळ येईपर्यंत त्यांनी तोंडावर रुमाल धरला. रिक्षावाल्याला वाटलं, काकांना धुळीचा त्रास आहे.

संघमित्राला त्यांनी काही सांगितलं नाही. सांगणार काय? की पोरी, तुझ्या आईचं नाव मी गंजवलं आणि मग मीच पुसून टाकलं?

रविवारी विहार भरून गेलं. वनमालाच्या फोटोला फुलं वाहिली गेली, त्रिसरण-पंचशील झालं, भन्तेजी अनित्यतेवर बोलले. जे येतं ते जातं, असं ते म्हणाले, आणि रतनराव खाली बघत बसले. मग ताटं बाहेर काढली गेली. हातोहात पुढे जाताना ती लखलखत होती. संघमित्राने एक ताट घेतलं, काठावरून बोट फिरवलं, पालथं करून पाहिलं आणि वडिलांकडे पाहिलं.

"पप्पा, आईचं नाव?"

रतनराव पुढ्यातलं ताट पुसत बसले. तिच्याकडे पाहायची त्यांची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात सुबोधने माईक हातात घेतला. ताटं त्यानेही पाहिली होती, आणि त्याला त्यात भाषण दिसलं होतं.

"बंधू-भगिनींनो! आज मला एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे दान देणारे पुष्कळ. पण पंखा दिला की तिन्ही पात्यांवर तीन भावांची नावं! मग पंखा लावायची सोय नाही, कारण फिरला की नाव वाचता येत नाही!" लोक हसले. "आणि आपले रतनकाका! या ताटांवर नाव होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण काकांना वाटलं, दानावर नाव कशाला? स्वतः साकीनाक्याला गेले, स्वतः खर्च केला आणि नाव काढून आणलं! लोक नाव घालतात, काकांनी नाव काढलं! आणि नाव काढून आपल्या सगळ्या वस्तीचं नाव काढलं! रतन पगारे यांच्यासाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. शेजारचे पाठ थोपटू लागले. ज्या माणसाला जगात एकच गोष्ट हवी होती, बायकोचं नाव कुठेतरी राहावं, त्याला नावाची हाव नाही म्हणून वाहवा मिळत होती. आणि कुणाच्या नावाने टाळ्या? त्याच्याच! तिचा तर त्या भाषणात उल्लेखही नव्हता. रतनराव उठले तेव्हा लोकांना वाटलं, आभार मानणार. त्यांनी सुबोधच्या हातातला माईक घेतला.

"मी नाव काढलं नाही," ते म्हणाले. "निघालं ते. चूक माझी. स्टीलला लोखंड लावायचं नसतं. मी लावलं. त्याच्या अंगावर साय असते..." लोक एकमेकांकडे बघू लागले. त्यांनी ते वाक्य सोडून दिलं. "ही ताटं माझी नाहीत. ही हिची आहेत. मितूच्या आईची."

"कुणाची?" मागून सगुणामावशींचा खणखणीत आवाज आला. त्यांनी कानामागे हात धरला होता. "काय ऐकू येत नाही! कुणाची ताटं? नाव घ्या की!"

लग्नात नवरदेवाला अडवून म्हणतात ना, अगदी तसं. दोघी-तिघी बायांना हसू फुटलं, त्यांनी पदर तोंडाला लावला. सुबोधही हसला. रतनराव मात्र माईक धरून तसेच उभे राहिले, कारण त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला हे नाव घेता येत नाही. कधी घेतलंच नव्हतं. लग्नात बायांनी दार अडवलं तेव्हा ते लाजून मागच्या दाराने निसटले होते. मग संसारभर 'अगं', 'ए', 'ऐकलंस का', आणि मितू झाल्यावर 'मितूची आई'. दवाखान्यात पेशंटचं नाव विचारलं तेव्हाही मितूनेच सांगितलं होतं. वर्षभर हातांनी ठोकलं ते नाव, टिंबाला टिंब लावून, आणि तोंडाला त्याची सवयच नाही.

"वनमाला," ते म्हणाले.

"आं?"

रतनरावांनी माईक खाली ठेवला. कारखान्यात मशीनांच्या आवाजावरून पलीकडच्या टोकाला हाक मारायचे, तसा छातीत श्वास भरून घेतला.

"वनमालाऽऽ!"

हाक भिंतीला लागून परत आली. वाढणाऱ्या पोरी हातातली भांडी घेऊन जागच्या जागी थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदा रतन पगाऱ्यांनी आपल्या बायकोला नावाने हाक मारली होती, आणि ओ द्यायला ती नव्हती. तरी ते तिथेच उभे राहिले, फोटोकडे तोंड करून, एखादं माणूस आतून येईल म्हणून वाट बघावी तसे.

"आता आलं ऐकू," मागून सगुणामावशी म्हणाल्या.